धोंडीच्या हातचा निळा

चांगोला रंग दिसत तसे ते दुसऱ्या कुणाला दिसत नसत. बावीस वर्षं तो उल्हासनगरच्या जीन्स रंगवण्याच्या कारखान्यात टाकीवर होता. एका निळ्यात त्याला अकरा निळे दिसत, आणि कापडावर कुणाचा हात फिरलाय तेही तो नुसतं न्याहाळून सांगे. जोडीदार धोंडीचा निळा किंचित हिरव्याकडे झुकायचा. चांगोनं हजारदा सांगून पाहिलं, पण हाताचं वळण काही जात नाही.

मग रंगाचं पाणी नाल्यात सोडतात म्हणून एकेका कारखान्याला टाळं लागलं. सरकारचं बरं असतं, आधी टाळं लावतं आणि मग टाळ्याच्या राखणीला माणूस नेमतं. काम गेलेल्यांसाठी योजना निघाली, चिठ्ठ्या टाकून नावं काढली. चांगोचं निघालं, धोंडीचं राहिलं. चांगोला पिवळं जाकीट आणि एक वही मिळाली. रोज सकाळी विठ्ठलवाडीमागच्या नाल्यावर जायचं आणि पाण्याचा रंग वहीत लिहायचा. रंग दिसला की चोरून चालणारा कारखाना हुडकायला पथक येणार. खोटं लिहिलं तर नाव कटणार.

वर्षभर त्यानं ‘रंग नाही’ एवढंच लिहिलं. नाल्यात खेकडेसुद्धा परत आले. काठावर बसल्या बसल्या चांगोचे डोळे जड होत, आणि नितळ पाण्याखालून जुन्या टाक्या, वाफ, ओल्या कापडाच्या राशी अलगद वर येत. त्यात तो तासन्‌तास रमायचा.

अशाच एका सकाळी पाण्यात निळी रेघ दिसली. त्यानं डोळे चोळले. रेघ तिथंच होती, किंचित हिरव्याकडे झुकलेली. धोंड्या कामाला लागला तर. चांगोला आधी झाला तो आनंदच. वहीची आठवण मागून आली.

तो तडक धोंडीच्या चाळीत गेला. त्याला बघताच धोंडीनं हात पाठीमागं घेतले.

“लपवू नको. पान्यात पायला तुजा हात,” चांगो म्हणाला.

“लिवलास?”

“आज नाय. आज चष्मा घरी ऱ्हायला म्हनीन. उद्या चष्मा आसंल.”

धोंडीनं निळे झालेले हात पुढं घेतले आणि पाट सरकवला. मग म्हणाला, “तुजं नाव नको कटाया. बस, चा घे.”

दुसऱ्या दिवशी पाणी नितळ होतं. ऊन तापेपर्यंत चांगो वाकून वाकून निळा शोधत राहिला. शेवटी त्यानं ‘रंग नाही’ असं लिहिलं. लिहिलेलं अगदी खरं होतं, आणि वही मिटताना त्याला वाटलं, धोंडीचं काम दुसऱ्यांदा गेलं ते आपल्या हातानं.