दादाचे अध्यक्ष

मतदानाचा दिवस होता. सांगलीच्या विश्रामबागेतल्या ज्या शाळेत मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, तिथंच आमचं केंद्र असतं. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून माझा फोन आमच्या ह्यांच्याकडे देऊन मी रांगेत उभी राहिले. बाहेर आले ती शाईचं बोट पुढं करूनच, कारण त्याचा फोटो काढून मला अमेरिकेत दादाला पाठवायचा होता. खाली काय लिहायचं तेही रांगेतच ठरलं होतं : ‘तुझ्याविरुद्ध एक मत.’ खरं तर आमच्या वॉर्डाच्या निवडणुकीशी ओहायोतल्या माझ्या थोरल्या भावाचा काडीचा संबंध नव्हता. पण आमच्यात कुठलंही मत दादाच्या बाजूचं किंवा दादाच्या विरुद्ध, एवढंच असायचं. ह्यांनी फोन दिला नाही. “घरी चल आधी,” म्हणाले. मी हट्टाने हात पुढं केला, तेव्हा माझं ते शाईचं बोट त्यांनी मुठीत धरलं... आणि मला कळलं. मी रांगेत असतानाच वहिनीचा फोन येऊन गेला होता.

दादा जाऊन आता पाच आठवडे झाले. दादाबद्दल लिहायचं तर सुरुवात माधवनगरपासून करायला हवी. आमचे वडील तिथल्या एका छोट्या मागाच्या कारखान्यात होते. दादा कॉलेजात आणि मी सातवीत असताना तिथं संप झाला. तो लांबत गेला आणि शेवटी मालकाने कारखानाच बंद केला. त्या दिवसांत युनियनची माणसं एकदा आमच्या दारात ज्वारीचं अर्धं पोतं ठेवून गेली. आईने त्याच्या भाकरी केल्या. मला त्या भाकरीची चव अजून आठवते, कारण आपल्यामागे कुणीतरी आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. दादा मात्र पानावरून उठून गेला. “ज्यांनी काम घालवलं त्यांचीच ज्वारी खायची?” एवढंच तो बोलला. वडील खाली मान घालून जेवत राहिले. पुढं पन्नास वर्षं आम्ही दोघं जे भांडलो, ते त्या एका जेवणावरूनच, असं मला आता वाटतं. घर एक, भाकरी एक, आणि दोन मुलं दोन धडे शिकून उठली.

दादा इंजिनिअर झाला, अमेरिकेला गेला, यंत्राचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात राबला आणि पुढं त्याने स्वतःचं चार लेथचं वर्कशॉप टाकलं. नागरिकत्वासाठी तो कित्येक वर्षं रांगेत होता. ती रांग त्याच्या बोलण्यात सारखी यायची. “मला कुणी बोट धरून पुढं नेलं नाही, सुमे. मग दुसऱ्याने कुंपणावरून उडी मारली, तर मी टाळ्या का वाजवायच्या?” त्याच्या मनासारखे अध्यक्ष निवडून आले, तेव्हा त्याने मला फोन करून पेढे खायला सांगितले आणि मी मधुमेहाचं कारण दिलं. त्यानंतर दर रविवारी मी मुद्दाम विचारायची, “काय रे, आहेस का खूश तुझ्या अध्यक्षांवर?” आणि तो म्हणायचा, “एकदम! कर कमी केला, सीमा आवळली, बाहेर गेलेली कामं परत यायला लागली. आणखी काय पाहिजे?” त्यांच्या जिभेचं काय, असं विचारलं की हसायचा. “जीभ वाईट आहे, कबूल. पण मी त्यांना मत दिलंय, मुलगी नाही दिली.” लिबरल लोकांविषयीचं त्याचं मत तर एका म्हणीत मावायचं : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. “दुसऱ्याचं वाटून टाकायचं आणि पुण्य आपल्या नावावर. तू त्यातलीच.” मी म्हणायची, “आणि तुम्ही लोक म्हणजे आपण गाडीत चढलो की दार लावून घेणारे.” मग तो मनापासून खूश व्हायचा. वाद घालायला तोडीचं माणूस मिळालं की त्याला जेवल्यासारखं वाटायचं.

पण दादाचं एक होतं. मत ठाम असलं, तरी समोरचा माणूस त्याला दिसायचा. दर हिवाळ्यात तो सांगलीला यायचा, तेव्हा जतच्या दुष्काळी भागातला ड्रायव्हर मारुती त्याला विमानतळावरून गाडीने घेऊन यायचा. एकदा वाटेत दादाने त्याला स्वावलंबनावर व्याख्यान दिलं. सरकारकडे हात पसरू नये, ज्याने त्याने आपली विहीर खणावी, वगैरे. मारुतीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आवं दादासायेब, हिरी खनल्यात की. तीन खनल्या. पानीच लागंना. मग टँकर सरकारनं न्हाई द्यायचा तर कुनी द्यायचा?” दोन दिवसांनी दादा मला न सांगता मारुतीबरोबर त्याच्या गावी गेला, तिन्ही कोरड्या विहिरींत वाकून बघून आला आणि धुळीने माखलेले बूट दारात काढत म्हणाला, “मारुतीचं बरोबर आहे.” मी जिंकल्यासारखी उठले, तर लगेच त्याचं बोट वर. “मारुतीचं बरोबर आहे म्हटलं मी. धोरण म्हणून माझंच बरोबर आहे.” पुढच्या वर्षी त्याने त्या गावच्या शाळेच्या छपरावरचं पाणी साठवायची टाकी स्वतः उभं राहून बांधून घेतली. त्यावर कुणाचं नाव घालू दिलं नाही.

हे सगळं गमतीचं होतं, तोवर ठीक होतं. माझा मुलगा सारंग शिकायला म्हणून अमेरिकेत गेला होता आणि तिथंच नोकरीला लागला होता. दादाच्या घरापासून अकरा तासांच्या अंतरावर. अध्यक्षांनी परदेशी लोकांच्या नोकरीचे नियम कडक केले, त्याचं दादाने मला फोनवर कौतुक ऐकवलं होतं. काही महिन्यांनी सारंगच्या व्हिसाची मुदतवाढ नाकारली गेली. दोन महिन्यांत देश सोडायचा होता. सहा वर्षांचं बस्तान, लग्नाचं ठरत आलेलं एक स्थळ, सगळं एका कागदाने मोडलं. मी दादाला फोन लावला. “तुझ्या अध्यक्षांनी माझ्या मुलाला हाकललं.” तो म्हणाला, “नियम आहे, सुमे. त्यांनी काही सारंगचं नाव बघून केलेला नाही.” मी म्हणाले, “नाव बघितलं नाही, हीच तर माझी तक्रार आहे.” आणि फोन ठेवला. त्यानंतर चौदा महिने मी दादाशी बोलले नाही. रविवारी फोन वाजायचा, मी वाजू द्यायची. राखीसुद्धा पाठवली नाही. हे लिहिताना आज हात जड होतो, पण पाठवली नाही.

सारंग परत आला तेव्हा मला बाकीचं कळलं. माझा फोन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दादा, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, एकटा अकरा तास गाडी चालवत त्याच्याकडे गेला होता. नऊ दिवस त्याच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपला. सामान विकलं, पुस्तकं खोक्यांत भरली, प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिलं, ओव्हन घासून लखलखीत केला. “देश सोडताना घर घाण ठेवून जायचं नाही. लोक नावं ठेवतात,” म्हणे. शेवटच्या दिवशी विमानतळावर सारंगने विचारलं, “मामा, अजूनही पटतं तुला हे सगळं?” दादा म्हणाला, “पटतं.” सारंग सांगत होता, “मला राग आला, आई. मी मागे न बघता तपासणीच्या रांगेत शिरलो. पार आत गेल्यावर वळून पाहिलं, तर मामा तिथंच. खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलेला. डोळे पुसायला वाकला होता गं तो. त्याच्या त्या बुटांना नाड्याच नाहीत.”

एवढं ऐकूनही मी फोन केला नाही. मला त्याचं रडणं नको होतं, ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द हवे होते. त्याच्याजवळ ते नव्हते आणि नसलेलं बोलायची त्याला सवय नव्हती.

तो हिवाळा दादा आला नाही. मग पुढच्या हिवाळ्यात, एकदा भर दुपारी फाटकाशी मारुतीची गाडी थांबली. मी अंगणात वाळत घातलेले सांडगे हलवत होते. दादा उतरला. चांगलाच वाळला होता, कोट खांद्यांवरून ओघळत होता. फाटकाला हात न लावता तो बाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, “आत येऊ का, की व्हिसा लागेल?” मला हसायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. पण मारुती गाडीच्या डिकीमागे तोंड लपवून हसला आणि मग माझाही बांध फुटला, हसण्याचा आणि दुसराही.

संध्याकाळी चहा घेताना मी विचारलं, “मत बदललंय का तुझं?” “नाही.” “मग आलास कशाला?” “भडंग संपलं होतं.” मग बशी बाजूला ठेवून तो म्हणाला, “सुमे, मला ते धोरण बरोबर वाटतं. आणि सारंग गेला त्या दिवशी परत येताना मला तीनदा गाडी बाजूला घ्यावी लागली, पुढचं दिसेना म्हणून. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असू शकतात, एवढं तुम्हा उदार लोकांना का समजत नाही?” माझ्याकडे उत्तरं खूप होती. त्यातली काही मला आजही बरोबर वाटतात. ज्याच्यामुळे पोराचं बस्तान उठलं ते धोरण मी बरोबर म्हणणार नाही, ते मी तेव्हाही म्हटलं नाही. पण वर्गात मुलांना ‘मतभेद म्हणजे वैर नव्हे’ हे मी फळ्यावर लिहून द्यायची, आणि चौदा महिने फोन न उचलणारी मीच होते. दार लावून घेणारे म्हणून ज्याला हिणवायची, तो एवढ्या लांबून दारात येऊन उभा राहिला होता. मी म्हणाले, “राखी बांधायची राहिलीय.” पौष चालू होता. त्याने निमूट हात पुढं केला. राखी कुठली मिळायला... देवापुढची नाडाछडी होती, तीच बांधली.

सारंगशी मात्र त्याचं इतकं सोपं झालं नाही. सारंग आता इथल्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणाऱ्या कारखान्यात आहे. काम आवडतं, पण अजून कधीतरी जेवताना मधेच गप्प होतो. दादा त्या मुक्कामात रोज सकाळी त्याला कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत सोडायला जायचा. काय बोलायचात, असं विचारलं तर सारंग म्हणाला, “काही नाही. पहिला आठवडा काहीच नाही. मग एक दिवस मामाने पंपाचं सील का गळतं ते विचारलं.” त्या गळक्या सीलवर दोघं पुढचे कितीतरी दिवस बोलत राहिले. माफी कुणी मागितली नाही, मला वाटतं लागलीही नाही.

शेवटच्या आजाराचं त्याने आम्हाला फार कळू दिलं नाही. वहिनी सांगत होती, हॉस्पिटलमधली एक तरुण नर्स पक्की लिबरल निघाली. दादाला कोण आनंद! तिची पाळी असली की तो उशीला टेकून बसायचा आणि कर, सीमा, सगळ्यावर तिच्याशी भांडायचा. ती चिडून निघून जायची आणि परत येताना नवा मुद्दा घेऊन यायची. दादाच्या अंत्यविधीला ती आली होती. वहिनीला म्हणाली, “मला त्यांना अजून एक उत्तर द्यायचं राहिलं.” तिला सांगायला हवं होतं की या रांगेत मीही आहे.

परवा जिन्यातला दिवा लावायला गेले. आमच्या जिन्यात एक जुना बोर्ड आहे, आठ बटणांचा. कुठलं बटण कशाचं, हे आम्हाला घर बांधल्यापासून कधी पाठ झालं नाही. दर वेळी सगळी दाबून बघायची. त्या शेवटच्या मुक्कामात दादा यावरून एकदा भडकला होता. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन अख्खी सकाळ त्या बोर्डाशी बसला आणि त्याने प्रत्येक बटणाखाली पांढरी पट्टी चिकटवून आपल्या त्या ताठ इंजिनिअरी अक्षरात लिहून ठेवलं : ‘जिना’, ‘गच्ची’, ‘अंगण – झोपताना बंद करणे’. रोज वरवर डोळा जायचा, परवा पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. आठव्या बटणाची वायर कुठंच जात नाही. त्याखाली दादाने लिहिलंय : ‘कशाचेही नाही. तरी काढू नये. – सुमनला आधी हेच दाबायची सवय आहे.’

मी ते दाबलं. मग जिन्याचं दाबलं आणि वर गेले.