खडीच्या तालावरची कॅसेट

निलंग्याकडच्या त्या गावात कुणी म्हणालं, "औंदा पाऊस हाय," तर लोक हसायचे. रामकिशन म्हणायचा, "माझ्या बायकोची कॅसेट येणार हाय," तेव्हा त्याहून जास्त हसायचे. लातूर वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. पण दुष्काळ मेला नवा जिल्हा बघतो का जुना?

पंचशीला, म्हणजे रामकिशनची बायको, रोजगार हमीवर खडी फोडायची. हातोडी पडायला लागली की तिचं गाणं सुरू. सगळं मनानं रचलेलं. बाया मागनं सूर धरायच्या अन् खडीचा ढीग कधी वाढला ते मुकादमालाही कळायचं नाही. रामकिशन पेटी वाजवायचा, अन् पेटीपेक्षा तोंड जास्त. कुण्या कंपनीनं बोलावलं नव्हतं. "आपली कॅसेट आपणच काढू," म्हणाला, अन् एक गाणं भरायच्या आत निलंग्यापासून कंधारपर्यंत सगळ्या पाहुण्यांत डंका पिटून आला. चौदा एप्रिलच्या जयंतीला वाजणार, असली कॅसेट उभ्या मराठवाड्यात झाली नाही!

"आवं, आधी गाऊ तर द्या," पंचशीला म्हणायची. "फजिती झाली तर तुमी पेटीमागं लपाल. मला टँकरच्या रांगंत हुबं ऱ्हायचंय."

रांगेत चुलत सासू चतुराबाई असायची. विहिरी आटल्या, तिची जीभ नाही आटली. "काय सूनबाई, कॅसेट निघाल्यावर वळख देशील न्हवं आमाला?"

पंचशीला हसून सोडून द्यायची. पण मनाशी तिनं ठरवून टाकलं होतं: कॅसेट पडली, तर पुन्हा चारचौघींत तोंड उघडायचं नाही. खडीवरसुद्धा नाही.

नांदेडला रेकॉर्डिंगच्या खोलीत माइकपुढं उभी राहिली अन् आवाज कसा? नव्या नवरीनं नाव घ्यावं तसा. ताल एकीकडं, गाणं एकीकडं. ढोलकीवाला घामाघूम. रेकॉर्डिंगवाला व्यंकटी बिचारा भला माणूस. म्हणाला, "बाई, चहा घ्या. घसा बसला का?"

"घसा बरा हाय, दादा. हात रिकामे हाईत."

मग रामकिशन बाहेर पळाला. समोर सडकेचं काम चाललं होतं. तिथनं हातोडी मागून आणली, अन् धोतराच्या सोग्यात दगड. व्यंकटीनं कपाळाला हात लावला, "अरे बाबा, मशीन हाय ही!" पण हसत हसत त्यानंच खाली पोतं अंथरलं. पंचशीला फतकल मारून बसली, पदर खोचला, अन् पहिला घाव पडला तसा गळा मोकळा झाला.

लातूरचा जिल्हा झाला, हापिसाला पाटी आली,
सांग सखे घागर माझी रिकामी का राहिली.

ढोलकीवाल्यानं ढोलकी बाजूला ठेवली अन् नुसता मान हलवत बसला.

जयंतीच्या सकाळी समाजमंदिरावर भोंगा बांधला. कॅसेट लागली, अन् नेमका तेव्हाच टँकर आला. पंचशीला घागर घेऊन रांगेत, खाली मान घालून. भोंग्यातनं आधी हातोडी आली, ठण् ठण्. खडीवरच्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. "आगं, ही तर आपलीच हातोडी!" मग गाणं आलं. बाया हसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. रांगेत त्या दिवशी भांडण नाही, ढकलाढकली नाही. टँकरचा ड्रायव्हर गाडी बंद करून पायरीवर बसला.

एक बाजू संपली. भोंगा गप झाला तशी चतुराबाई घागर रांगेतच ठेवून तरातरा समाजमंदिरापाशी गेली. "बंद का केली रं रामकिशन? पलटव की!"

"काकू, तुझा नंबर जाईल."

"जाऊ दे रं मुडद्या! पलटव!"

तिचा नंबर आलाच. मागं पंचशीला उभी. तिनं आपली घागर बाजूला सारली अन् आधी चतुराबाईची घागर नळीखाली लावली.

"आत्याबाई, पाणी!"

"थांब गं, सुनंचं गाणं ऐकू दे!"

"सून हितं हाय की तुमची!"

पण म्हातारी कुठली ऐकते. तिकडं दुसरी बाजू सुरू झाली, इकडं घागर भरत आली, अन् पंचशीला चारचौघींत तोंड उघडून भोंग्याच्या सुरात सूर मिळवून गाऊ लागली.