कडुनिंबाचं वाकडं पान

सकाळचे आठ चाळीस. माणमधल्या एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, शिकवणीच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून आम्रपाली कडुनिंबाचं पान कागदावर काढत होती आणि ते जमत नव्हतं. पानाची उजवी बाजू देठापासून निघत होती, डावी थोडी वरून. पान खराब असेल म्हणून तिने डहाळीवरचं दुसरं धरलं. तेही तसंच. मग सगळीच पाहिली. प्रत्येक पान देठाशी एका अंगाने तोकडं होतं.

तिने पेन्सिल खाली ठेवली. पंधरा दिवसांपूर्वी याच टेबलाशी तिच्या विद्यार्थिनीने, साक्षीने, अगदी असंच पान काढलं होतं. "वाकडं का काढलंस गं?" असं म्हणून आम्रपालीनेच ते पुसायला लावलं होतं.

आम्रपाली निगडीची. वडील भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर. ती स्वतः चाकणला एका कंपनीत बारा वर्षं साच्यांची ड्रॉइंग करत होती. तिथे आधी मध्यरेषा आखायची, एक बाजू काढायची, कॉम्प्युटरला सांगितलं की दुसरी बाजू आपोआप येते. वाकडं म्हणजे भंगार. कंपनीने ड्रॉइंगचं काम बाहेर द्यायला सुरुवात केली तेव्हा तिची नोकरी सुटली आणि ती शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांना चित्रांतून विज्ञान शिकवू लागली. आता अशी चार मुलं तिच्याकडे आहेत. नऊ वर्षांची साक्षी त्यातली एक.

नऊला साक्षी आतल्या खोलीतून केस बांधत आली. "परत कडुनिंब? झालाय की तो!" तिने कागद मधोमध दुमडला आणि घडीवर अर्धं पान काढायला घेतलं. डहाळीकडे मान वळवली नाही.

"पान तरी बघ."

"कशाला? अर्धं काढलं की दुसरं येतंच. तुम्हीच म्हणालात ना?"

पलीकडे लॅपटॉपवर काम करणारी साक्षीची आई, अंजली, हसली. "ताई, तुमच्यामुळे हात किती सुबक झालाय हिचा! आधी कसली वाकडीतिकडी काढायची."

हसून गप्प राहणं सोपं होतं. कडुनिंबाच्या देठाशी डोळा लावून बघणारं त्या घरात कोणी नव्हतं. जी एक होती, तिची ती सवय आम्रपालीनेच मोडली होती.

"नाही हो," ती म्हणाली. "वाकडं होतं तेच बरोबर होतं. मी चुकले. पुसायला नको होतं."

लॅपटॉपवरची बोटं थांबली. साक्षीने डहाळी उचलली, नाकाशी आणून उलटसुलट पाहिली.

"म्हणजे मला दिसलं होतं."

"हो."

"मग तुम्हाला का नाही दिसलं?"

"मी पानाकडे बघितलंच नव्हतं. फक्त तुझ्या कागदाकडे बघितलं."

 साक्षीने कोरा कागद घेतला, एक बाजू काढली आणि पेन्सिल अधांतरी धरली. "दुसरी किती वरून घेऊ? सांगा ना."

ती आम्रपालीच्या तोंडाकडे बघत होती. पान हातातच होतं.

"तूच बघ."

"बघितलं. एवढं?"

आम्रपालीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थोडं वर."

साक्षीने पेन्सिल आपटली. "बघा! तुम्ही बोललात की मला तुमचंच बघावंसं वाटतं. उद्या गप्प बसाल?"

"बसेन."

"तुमचा भरवसा नाही. आई, लिही गं."

"ताईंशी असं बोलतात?" अंजली म्हणाली, पण आम्रपालीने मान डोलावल्यावर उठली. फ्रिजवर आठवड्याचं वेळापत्रक लावलेलं आहे. त्यात शुक्रवारच्या रकान्यात आता लिहिलं आहे : नऊ ते साडेनऊ, शेवग्याचं पान. ताई बोलणार नाहीत.