हारापुरती जागा

सदर बाजारात फ्रेमा बनवणाऱ्या कवडूभाऊंनी तीस वर्षांत इतकी मेलेली माणसं काचेआड बसवली होती की, जिवंत माणूस दुकानात आला तरी ते आधी मनातल्या मनात त्याची लांबी-रुंदी मोजत. फोटोत डोक्यावर मोकळी जागा सोडायची ती हारासाठी, एवढंच त्यांचं कलाशास्त्र.

त्या दुपारी चित्रकार पुष्कर कॅनव्हास घेऊन आला. महिनाभर त्याच दुकानात स्टुलावर बसून त्यानं भाऊंनाच रंगवलं होतं. भाऊंनी हौसेनं वरचा कागद काढला. चेहरा पार खाली, डाव्या कोपऱ्यात ढकललेला. नाक आडवं, कान एकच. तेही चाललं असतं. नाकाबद्दल त्यांची बायको वच्छला लग्नापासून हेच म्हणत आली होती. पण वर दीड फूट नुसता राखाडी रंग.

"एवढी जागा काहून सोडली गा? हारासाठी?"

"ती रचना आहे, भाऊ. तुमच्यावरचा एकटेपणाचा भार."

"घरी वच्छला असताना एकटेपणा कुठून आणला?"

दोघंही हसले. मग भाऊंची नजर चित्रातल्या डोळ्यांवर अडकली. हळदीसारखे पिवळे.

"अन् हे?"

"तुमच्या बल्बचा उजेड."

"बल्ब डोळ्यातच लागला का? सदरा तर पांढरा हाय. तो नाही झाला पिवळा."

पुष्कर चित्राकडे बघत राहिला. "आधी डोळेही पांढरेच होते," तो हळू म्हणाला. "मागच्या आठवड्यात वरून पिवळा मारला. ठरवून नाही. दिसलं ते लावलं."

पंधरा दिवस भाऊंना जेवण जात नव्हतं. सगळा दोष त्यांनी उन्हाला दिला होता.

तेवढ्यात डबा घेऊन वच्छला आली, बोलतच आली. "आज डबा तसाच परत आणला ना, तर उद्यापासून मी रिकामाच पाठवीन, मंग..."

"ऐक ना वं. बाहेर ये. उन्हात माये डोळे पाह्य."

"काहून, नवी बायको शोधून राहिले का?" म्हणत तिनं अंगठ्यानं त्यांची खालची पापणी ओढली. "या वयात कोण..."

वाक्य तिथंच राहिलं.

"काय दिसून राहिलं वं?"

ती तशीच आत गेली, डबा न उघडता काउंटरवर ठेवला, पुष्करच्या हातातलं चित्र क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "दुकानाचं कुलूप कुठं हाय?"