डाकोटा, कामठीच्या पुढं

ग्लोब घरात ठेवला की त्यावर धूळ जमते. चार डोक्यांच्या मध्ये ठेवला की किस्से जमतात! आमचा ग्लोब नागपुरातल्या आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात आहे आणि रविवारी सकाळी आम्ही त्याच्याभोवती असतो. नियम एकच: तोंडानं भांडायचं नाही, ग्लोबवर दोरा लावायचा. पृथ्वी गोल आहे हे सगळ्यांना पाठ आहे, पण विश्वास मात्र भिंतीवरच्या सपाट नकाशावर!

त्या वर्षी सगळे किस्से अमेरिकेचे झाले. आमच्यातल्या सुरेश मेश्रामला शेतीच्या पुढच्या शिक्षणासाठी नॉर्थ डाकोटात प्रवेश मिळाला होता आणि त्याची आई, सीतामावशी, काही केल्या हो म्हणत नव्हती. मावशी हातमागावर लुगडी विणायची. आमचा दोराही तिच्याच मागावरचा. "एकुलतं एक पोरगं सात समुद्रापलीकडं नाही धाडत मी," एवढं बोलून ती दाराशी बसायची. यायची मात्र दर रविवारी!

*

कोर्टात क्लार्क असलेले बापू एकदा म्हणाले, "न्यूयॉर्कले एवढा बर्फ पडते, म्हणजे ते लंडनच्या लायनीत असन."

तर्री-पोह्यांची पैज लागली. दोरा आडवा फिरवला, तर न्यूयॉर्क रोमच्याही जरा दक्षिणेला निघालं!

बापूंनी ग्लोब हलवून पाहिला. "ढिल्ला त नाही झाला गा हा?"

*

लॉस एंजलिस समुद्रकाठी. रीनो आत, डोंगरांपलीकडच्या वाळवंटात. जास्त पश्चिमेला कोण? सगळे एका सुरात म्हणाले, "लॉस एंजलिस!"

दोरा उभा ताणला. रीनो! कारण तो किनारा सरळ उभा नाहीच, खाली येता येता पूर्वेकडे कलत जातो. हे शाळेत कोणीच का सांगत नाही, म्हणून मी जाम भडकलो.

बापू म्हणाले, "पुस्तक छापणारा बी आपल्यासारखाच सपाट असन."

*

कॅनडा अमेरिकेच्या वर, ही सुरेशची खात्री. पण डेट्रॉइटहून नदी ओलांडून दक्षिणेला गेलं की लागतो तो कॅनडाच!

"म्हणजे दक्षिणेले उमरेडले निघालं अन् परदेशात पोचलं!" बापू.

*

अलास्काजवळ दोन बेटं आहेत. एक अमेरिकेचं, एक रशियाचं. मधलं अंतर सीताबर्डी ते कामठीपेक्षाही कमी! दोन्ही देश जगाला धाक घालून बसलेत आणि इथे त्यांची अंगणं लागून. त्यात मधून वार बदलणारी वाररेषा जाते. अमेरिकेच्या बेटावरून पलीकडे पाहिलं तर तिकडे उद्याचा दिवस!

बापू हळूच म्हणाले, "त्याइले म्हणा, उद्याच्या मॅचचा स्कोर सांगा."

त्या दिवशी मावशीनं पहिल्यांदा दारातून काही विचारलं. "डाकोटा कोणीकडं हाय?"

बापूंनी पश्चिमेला हात केला. सुरेशनं पूर्वेला.

"एका गावाले दोघं दोन दिशा दाखवून राहिले," मावशी म्हणाली, "अन् म्हणता पोरगं धाड!"

*

मग दोरा लावला. एक टोक मी नागपूरवर धरलं, दुसरं सुरेशनं डाकोटावर. ताणला, तसा दोरा घसरत घसरत वर गेला. ना पूर्व, ना पश्चिम. सरळ उत्तर! हिमालय, सैबेरिया, थेट उत्तर ध्रुव, आणि पलीकडून कॅनडातून खाली डाकोटा. पृथ्वीच्या पाठीवर, ध्रुवापलीकडं, नेमकं आपल्याच रेषेत!

मावशी उठून आली. दोऱ्यावरून बोट फिरवत म्हणाली, "सात समुद्र कुठी हायत गा?"

"एकच आहे मावशी," मी म्हणालो. "तोही गोठलेला."

"अन् इथून निघाचं कोणीकडून?"

"उत्तरेला, कामठीच्या अंगानं. सरळ."

तिनं दोरा एकदा ओढून पाहिला. ताठ होता. मग सुरेशकडे न बघताच म्हणाली, "जाय मंग."

*

विमान मुंबईहून होतं, म्हणून सुरेशला मुंबईच्या गाडीत बसवलं. गाडी दक्षिणेकडे निघाली. शेवटचा डबा वळेपर्यंत आम्ही हात हलवत होतो. मागे पाहतो तर मावशी आमच्याकडे पाठ करून, कामठीच्या दिशेला तोंड करून उभी!

"अवं सीताबाई," बापू ओरडले, "गाडी इकडं गेली!"

"जाऊ दे गाडीले," मावशी म्हणाली. "पोरगं तिकडं उतरन."