वकीलसाहेबांचा ब्रेक

आमच्या जठारपेठेतले शेजारी वकीलसाहेब कधी एका जागी बसत नाहीत. मी जुनी स्पोर्ट्स कार घेतल्यापासून ते रोज तिच्याभोवती फेऱ्या मारतात, बॉनेटवर बोटं वाजवतात आणि सल्ले देतात. त्यांच्याकडे स्वतःची स्कूटर आहे.

गाडीत पहिला बदल म्हणून मी चांगले ब्रेक ठरवले होते. साहेब म्हणाले, "सर, गाडी थांबवाले घेतली का जोरात पयवाले? आधी इंजिनची ताकद वाढवा."

मी पडलो प्राध्यापक. प्राध्यापकाचं कुणी ऐकत नाही, म्हणून तो इतरांचं फार ऐकतो. ताकद वाढवली.

ट्रायलला त्यांना अमरावती रस्त्यावर नेलं. वेग वाढला तसे साहेब पायाखालची मॅट दाबू लागले. मी हसत होतो. तेवढ्यात कापूस भरलेला ट्रॅक्टर शेतातून आडवा आला. आम्ही दोघांनी जीव खाऊन ब्रेक दाबला. त्यातला एकच खरा होता. गाडी घसरत जाऊन ट्रॉलीला टेकली आणि थांबली.

साहेब उतरले. पुढच्या जाळीत अडकलेला कापूस त्यांनी बोटांनी उपसून खिशात कोंबला.

"घरी बोलू नका, सर. तुमच्या वहिनीले कळलं तं मले स्कूटरवरबी बसू देनार नाई."