मोठी मापं माळ्यावर

बाळंतपणानंतर मी कामावर परत आले, तेव्हा शेठनी माझ्या तोंडाकडे नाही, पोटाकडे बघितलं. कर्जतच्या बाजारातलं हे कपड्यांचं दुकान. काचेच्या दाराजवळच्या लेडीज काउंटरवर मी लग्नाच्या आधीपासून उभी होते, खेड्यापाड्यांतल्या बायका मला शोधत यायच्या. काउंटरवरच्या मुलींनी दुकानातलीच कुर्ती घालायची असा आमच्याकडे नियम. ती कुर्ती आता माझ्या दंडातच अडकली.

"तू माळ्यावर बस थोडे दिवस," शेठ म्हणाले. "घड्या घाल. गिऱ्हाईक आधी पोरगी बघतं, मग कापड."

शेजारी जेन्ट्स काउंटरवरचे दादा उभे होते. त्यांचं पोट शर्टाच्या दोन बटणांमधून बाहेर डोकावत होतं. त्यांना कुणी माळ्यावर धाडलं नाही. उलट शेठ कौतुकानं म्हणायचे, माणूस कसा खात्यापित्या घरचा वाटतो! माझ्या पोटातून निदान एक जीव तरी बाहेर आला होता. दादांच्या पोटातून काय आलं, ते देवालाच माहीत.

माळ्यावर डोक्याला लागेल इतका खाली पत्रा. घामानं साड्यांना डाग पडतील म्हणून मी सारखे हात पुसायचे. घरी काही सांगितलं नव्हतं, सासूबाई शेजारणींना अजून अभिमानानं सांगत, "आमची सून दाराशीच आसते, कदी पन जावा." मला माझं काउंटर परत हवं होतं, बाकी काही नको. आणि बसायला जागा कुठली मिळावी? मोठ्या मापाच्या ड्रेसांच्या ढिगात. ते सगळे शेठ वर टाकायला लावायचे. खाली टांगले की म्हणे दुकानाचा लुक जातो.

लग्नसराईत एक दिवस लोधिवलीकडून टेंपो भरून बायका आल्या. आमच्या भागात लग्नाहून हळद मोठी, आणि हळदीला भावकीतल्या सगळ्या बायका एका रंगात. त्यांना दारातल्या पुतळ्यावरचा आंबा रंगाचा ड्रेस आवडला. सगळ्यांची मापं निघाली, राहिली फक्त नवरीची आत्या. अंगानं चांगली भरलेली बाई. त्यांच्या घरात पहिली हळद लावायचा मान तिचा.

माझ्या जागी उभी केलेली नवी मुलगी म्हणाली, "आंटी, तुमच्या साईजमध्ये नाही येत. तुम्ही सेम कलरची साडी बघा ना."

"हळद मी लावायची, आन मीच येगळी का गं?" आत्या म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "ऱ्हाऊ दे. तुमी घ्या गं. मी बसंन मागं."

वर मला सगळं ऐकू येत होतं, आणि तिच्या मापाचा तोच ड्रेस माझ्या मांडीवर होता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेठना न विचारता मी तो घेऊन जिना उतरले.

आत्या घालून बाहेर आली. बसला होता छानच. पण तिनं पुतळ्याकडे बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. "त्या बावलीवर कसा चापून बसलाय. माज्या अंगावर तसा नाय."

मी पुतळ्याच्या खांद्याला धरलं आणि त्याची पाठ बायकांकडे फिरवली. मानेपासून कमरेपर्यंत कपडे वाळत घालायचे चिमटे. रोज सकाळी आम्हीच लावायचो. "हिलापण बसत नाही, आत्या. मागून आवळतो तेव्हा कुठं ही पुढून दिसते."

मग आत्या पदर तोंडाला लावायला गेली, पदर नव्हता, तशीच खो खो हसली. "मेली माज्याहून बेकार!"

सगळ्यांनी घेतले. टेंपो गेला तरी मी वर गेले नाही, काउंटरमागे आपल्या जागेवर उभी राहिले.

"चिमटे गिऱ्हाइकाला दाखवायचे नसतात," शेठ म्हणाले. मग हसले. "पण तुझा उपयोग आहे. तू वरच बस. तसलं गिऱ्हाईक आलं की मी हाक मारतो."

तेव्हापासून मारतात. "जाडी बाई आलीय, खाली ये!" एवढ्या मोठ्यानं, की काउंटरसमोरच्या त्या बाईलाही ऐकू येतं. मी उतरेपर्यंत ती दाराकडे वळलेली असते, पर्स छातीशी धरून. कितीजणींना मी "ताई, थांबा हो" म्हणत अडवलंय.

परवा एक बाई मी खाली पोचायच्या आतच निघून गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती. शेठनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "एवढा वेळ लागतो तुला जिना उतरायला?"